कार्यकर्त्याचा थकवा : तुम्ही कसे तगलात?

बालाघाट

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांमध्ये काम करते. यंदा ११ वर्षं झाली. आमचा सहा जणांचा गट. त्यातले दोघे नोकरी सांभाळून येतात, एक जण आता पुण्याला गेला. कार्यालय म्हणजे बसस्टँडमागची एक खोली, पत्र्याचं कपाट, दोन सतरंज्या आणि आवक-जावकची वही.

दसरा झाला की टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पुढचे पाच-सहा महिने माझा फोन शांत नसतो. कुणाच्या मजुरीचा हिशेब मारला, कुणाला मुकादमानं अडकवून ठेवलं, कुणाला फडातच कळा सुरू झाल्या. पत्रकावर नंबर माझा एकटीचा आहे. पहिल्या वर्षी पत्रक छापताना बाकी कुणाचा नंबर धड टिकत नव्हता म्हणून माझा टाकला. तोच अजून चालू आहे.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा. ताट पुढ्यात, पहिला घास घेतला आणि फोन वाजला. नाव दिसत होतं. आठ वर्षांची ओळख, तिच्या मुलीच्या बारशाला मी गेलेली. मी फोनकडे बघत राहिले. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. मी तो पालथा घातला आणि वरण-भात संपवला. ताट घासलं. आडवी झाले, आणि मला झोप लागली.

सकाळी कळलं की फडाशेजारच्या त्यांच्या कोपी, म्हणजे राहायच्या झोपड्या, जळाल्या होत्या. माणसं वाचली. पीठ-मीठ, पांघरुणं, रेशनकार्ड, सगळं गेलं. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, पंचनाम्याचं बघू." रडू नाही, राग नाही, काही नाही. पूर्वी असं काही कळलं की मी चप्पल शोधत शोधत फोन लावायचे. आता चीड येते ती मुकादमाची नाही, फोन करणाऱ्यांचीच येते. या गोष्टीची मला फार भीती वाटते.

घरचे म्हणतात, सोड. सोडायचं नाहीये. पण हे असंच चालू ठेवलं तर मी लोकांना दुखावीन.

ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं हे केलं ते कसे तगले, एवढंच विचारायचंय. "स्वतःची काळजी घे" असं सगळे सांगतात. ती मंगळवारी दुपारी किती वाजता घ्यायची, फोन तेव्हा कुणी उचलायचा, हे कुणी सांगत नाही.

रानजाई

पोटात कालवलं वाचून. ताट घासलं, इथं मी थांबले. माझीही अशी एक रात्र आहे, नंतर लिहीन. आधी सांगा, जेवण वेळेवर होतंय का आता?

जुना_साथी

ताई, काम मोठं करता आहात, त्याबद्दल मनापासून आदर. पण मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो.

१९७५ साली जयप्रकाशजींनी छात्र युवा संघर्ष वाहिनी काढली, मी तिच्यात होतो. एसटीच्या टपावर झोपून प्रवास केले, चुरमुरे खाऊन बैठका केल्या. थकवा हा शब्द तोंडातून निघाला नाही. बाबा आमटेंना मणक्याच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हतं, एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस १९८५ साली भारत जोडो यात्रेसाठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाला. ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्या ऊसतोड बाईला रजा कोण देतं? बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी ती मोळ्या उचलते. तिच्यापुढे आपण थकलो म्हणणं मला जड जातं.

विचार पक्का असला की शरीर मागून येतं असा माझा अनुभव आहे. तुम्हाला दुखावायचा हेतू नाही.

मनवा

काका, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, तुमच्या शेवटच्या ओळीशी मला वाद घालावाच लागेल. शरीर मागून येत नाही, पुढे बसून राहतं.

ज्याला आपण बर्नआउट म्हणतो तो शब्द मोठ्या कंपन्यांच्या साहेबांवरून आला असं बऱ्याच जणांना वाटतं. मानसशास्त्रात तो आला एका मोफत दवाखान्यातून. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळनंतर गरीब, व्यसनात अडकलेल्या मुलांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांत विझत चाललेले त्यांनी पाहिले, स्वतःतही तेच पाहिलं, आणि १९७४ साली त्यावर लेख लिहिला. म्हणजे या थकव्याची पहिली नोंद तुमच्या-आमच्यासारख्यांचीच आहे. सगळ्यात जीव ओतून करणारे आधी विझतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा मांडल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली जे वर्णन स्वीकारलं त्यातही त्याच आहेत. शक्ती आटणं, कामापासून आणि माणसांपासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होतच नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या संदर्भातली अवस्था म्हणते. बालाघाट ताई, "चीड फोन करणाऱ्यांचीच येते" ही दुसरी खूण आहे. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. हात पोळत राहिला की कातडी जाड होते, तसं मनाचं झालं आहे.

आता डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासून घ्या. सकाळी उठावंसं न वाटणं, आवडती गोष्टही नकोशी होणं, मरणाचे विचार, यातलं काही असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत आणि ते नुसत्या सुट्टीनं जात नाही. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

जुना_साथी

डॉक्टर, मोफत दवाखान्याचं ठाऊक नव्हतं. तरी बाबांच्या उदाहरणाला उत्तर आलं नाही.

तुळशीवृंदावन

मी देते उत्तर. बाबांच्या शेजारी साधनाताई होत्या. आनंदवनात १९४९ पासून चूल, गोठा, माणसं कुणी सांभाळली? पुढे मुलं, सुना, नातवंडं त्याच कामात आली. भारत जोडोला बाबांबरोबर सायकली घेऊन शंभरावर तरुण मुलं होती. एवढी माणसं पाठीशी असताना जे जमतं ते बसस्टँडमागच्या खोलीत एकट्या बाईकडून कसं मागता?

आणि काका, एक विचारू? तुम्ही चुरमुरे खाऊन बैठका करत होतात तेव्हा घरी पगार कुणाचा येत होता? मी हे चिडून विचारत नाही. माझे वडील पूर्णवेळ कार्यकर्ते होते आणि आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडिलांच्या मानधनातून त्यांचा एसटीचा खर्चही निघत नसे. त्यांच्या सत्काराला गावोगावचे लोक आले, आई स्वयंपाकघरात चाळीस माणसांची आमटी करत होती. माझ्या आईचा थकवा कुठल्याच अहवालात नाही.

पाणलोट

+१. चळवळीतल्या कितीतरी घरांत हेच. एकानं नोकरी, एकानं क्रांती.

दस्तऐवज

मी माहिती अधिकारात काम करतो. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील, त्यानंतर दुसरं अपील आणि मग आयोगाच्या तारखेची वाट. माझ्या एका अपिलाची सुनावणी लागली तेव्हा अर्ज केला तो रस्ता दोनदा होऊन दोनदा उखडला होता. मुलगी म्हणाली, बाबा, आता तिसऱ्या रस्त्यासाठी नवा अर्ज करा!

या कामानं एक शिकवलं. मी एका वेळी पाचच अर्ज चालू ठेवतो. सहावा माणूस आला की त्याला माझ्या टेबलावर बसवून त्याच्याच हातानं अर्ज लिहायला लावतो, पोच घेऊन ये म्हणून त्यालाच पाठवतो. पहिल्या वर्षी लोक रागावले. "एवढं तुम्हीच करून दिलं असतं तर?" आता तालुक्यात अर्ज लिहू शकणारी चाळीसेक माणसं आहेत आणि त्यातली निम्मी मला ओळखतही नाहीत. हे मला फार आवडतं.

मरोळ_नाका

बालाघाट, तुमच्याइतकं मोठं काम नाही माझं, पण "काहीच वाटलं नाही" हे मला माहीत आहे म्हणून लिहितो.

४ ऑक्टोबर २०१९. मुंबईच्या आरे जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडू नयेत म्हणून केलेल्या याचिका हायकोर्टानं फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती लागल्या. व्हॉट्सॲपवर एक ओळ आली, आम्ही पळत सुटलो. अंधारात झाड दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. करवतीचा, मग कडकड, मग पानांचा मोठा सळसळाट, मग दोन सेकंद काही नाही. पुन्हा करवत. २९ जणांना अटक झाली. सोमवारी ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेलेली.

नंतर सरकार बदललं, काम थांबलं, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. आम्ही पेढे वाटले. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं, कारशेड परत आरेत. ती बातमी मी लोकलमध्ये वाचली, मोबाइल खिशात ठेवला आणि अंधेरीला उतरून भाजी घेतली. माझ्या बरोबरीची मुलगी दीड वर्ष त्या रस्त्यानं गेली नाही.

आम्ही कोसळलो त्याचं कारण झाडं गेली एवढंच नव्हतं. आम्ही एकत्र रडलोच नाही. पाचच्या पहाटे कुणी पोलीस ठाण्यात, कुणी वकिलाकडे, कुणी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. नंतर रोज पुढची तारीख, पुढची याचिका. आपल्याकडे माणूस गेला तर दहा दिवस घर थांबतं, नातेवाईक पिठलं-भाकरी आणून देतात. २,१४१ झाडांचं सुतक कुणी धरलं नाही. पुढच्या वर्षी त्याच तारखेला आम्ही चौदा जण जंगलाच्या कडेला नुसते बसलो. घोषणा नाही, फलक नाही. एका पाड्यावरच्या आजीनं सगळ्यांना चहा दिला. त्यानंतर चौदातले अकरा अजून काम करताहेत.

रानजाई

मरोळ_नाका, धन्यवाद. तुमचं वाचून माझं लिहायचं बळ आलं.

मी एका शहरात कौटुंबिक हिंसाचाराच्या समुपदेशन केंद्रात नऊ वर्षं होते. एका संध्याकाळी समोरची बाई सांगत होती, नवऱ्यानं गरम उलथनं कसं लावलं. पदर बाजूला करून तिनं खांदा दाखवला. आणि मी मनात हिशेब करत होते की ही सव्वासहाला उठली तर मला साडेसहाची बस मिळेल. तिनं बहुतेक ओळखलं. पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुम्हाला उशीर होतोय ना." ती परत आली नाही. आज १३ वर्षं झाली, तिचं नाव मला तोंडपाठ आहे.

मी दुसऱ्या दिवशी मुख्य ताईंना सांगितलं. मला वाटलं बोलणी बसतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि त्यांची अशीच एक गोष्ट सांगितली. त्यातून आमची गुरुवारची बैठक सुरू झाली. दुपारी तीन ते चार, केंद्राचं दार बंद, फोन शेजारच्या संस्थेकडे वळवलेला. नियम एकच होता, तोडगा काढायचा नाही. जिला जे ऐकून त्रास झाला ते तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्या तीन बैठकांत आम्ही फक्त चहा प्यालो, कुणी बोलेना. चौथ्या वेळी सगळ्यात गप्प असलेली शिपाई मावशी बोलली. रोज दारात त्या बायकांना पहिलं पाणी देणारी तीच, आणि तिला आम्ही बैठकीला फक्त चहासाठी बोलावत होतो.

बालाघाट, तुम्ही विचारलंत मंगळवारी किती वाजता. आमचं उत्तर गुरुवारी तीन ते चार होतं. ते टिकलं, कारण फोन कुणीतरी दुसरं उचलत होतं.

जुना_साथी

उलथन्याचा प्रसंग वाचून थोडा वेळ थांबलो.

तुळशीवृंदावन, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: माझी पत्नी, जिल्हा परिषद शाळा, ३१ वर्षं. विचारलंत ते योग्य केलंत.

हिशेबनीस

सगळे मनाबद्दल बोलताहेत, मी पैशाबद्दल बोलतो. मी छोट्या संस्थांचे हिशेब बघतो. पूर्णवेळ कार्यकर्त्याचं मानधन आठ-दहा हजार, तेही प्रकल्प असेपर्यंत. आजारपण आलं की व्हॉट्सॲपवर मदतीचं आवाहन. संस्थेच्या अंदाजपत्रकात बॅनर, मंडप, प्रवास, चहा हे सगळं असतं, माणसाच्या आरोग्यविम्याची ओळ नसते. निम्मा थकवा उधारीचा असतो. किराणावाल्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाणारा माणूस दुपारी तहसीलदारासमोर मान वर करून उभा राहतो. किती दिवस?

माझ्या ओळखीच्या एका गटानं ४० हितचिंतकांकडून दरमहा ३०० रुपये बांधून घेतले. महिन्याला १२,००० झाले. त्यातून विमा आणि वर्षातला एक महिना भरपगारी रजा. देणग्या मागायला ज्यांना संकोच वाटतो त्यांना सांगतो, त्या ४० जणांत एकही श्रीमंत नाही. बहुतेक मास्तर आणि बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कुणीतरी विचारण्याची वाट होती.

पाणलोट

यात एक गोष्ट माझी. २०१८ ला आमचं गाव वॉटर कपमध्ये, पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत होतं. ४५ दिवस श्रमदान. एप्रिल-मेचं ऊन, पहाटे पाचला टिकाव-फावडी घेऊन सगळे डोंगरावर. हातांना फोड, पण एक दिवस कुणी थकलो म्हटलं नाही, कारण ४५ वा दिवस कॅलेंडरवर दिसत होता. पुढच्या वर्षी स्पर्धेबाहेर आम्हीच "आता वर्षभर करू" म्हणून सुरुवात केली, सहाव्या आठवड्यात मी आणि माझा चुलतभाऊ दोघेच उरलो. भावाभावांत भांडण झालं ते वेगळंच. शेवट दिसत नसेल तर माणूस उतारावरही दमतो.

तेव्हा आमच्या आज्यानं पोळ्याची गोष्ट काढली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण असते. जू बसून बसून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो. तो कोमट पाण्यानं शेकायचा, हळद-लोणी चोळायचं, आणि कानात म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आजा म्हणाला, बैल खांदा दाखवायला येत नाही रे, मालकाला हात फिरवून बघावा लागतो. तुम्ही दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर कधी हात फिरवला? आम्ही दोघं लाजलो. पण त्या वर्षापासून श्रमदान वर्षातून दोनदा, २१-२१ दिवस. शेवटचा दिवस आधी ठरवतो, मग पहिला.

लिंबोणी

आज्याला नमस्कार सांगा __/\__

आमच्याकडे खांदशेकणी म्हणतात. पळसाच्या पानानं लोणी लावतात.

चकुली

थोडं अवांतर. जुना_साथींच्या चुरमुऱ्यांवरून आठवलं. बैठकांत नुसता चहा-बिस्कीट आणि वडापाव खाऊन आमच्या गटातल्या चौघांना पित्ताचा त्रास झाला. मग एका मराठवाड्याच्या मैत्रिणीनं सुशीला शिकवली. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, डाळव्याचं पीठ, वरून कोथिंबीर. दहा मिनिटांत तीस जणांना होते. तेव्हापासून बैठक वेळेवर सुरू होते, कारण उशिरा आलं की संपलेली असते :)

दस्तऐवज

सोलापूरकडेही सुशीलाच. शेंगदाणे सढळ हातानं हवेत.

मरोळ_नाका

यावर वेगळा धागा काढा, आमच्या बैठकीला हवीच आहे.

मनवा

अवांतर चालू द्या, त्यातही औषध आहे. एकत्र जेवणाऱ्या गटांत माणसं लवकर बोलती होतात, हे मी वारंवार पाहते.

गांधीजींचं आठवलं. सोमवारी मौन असायचं. देशभरातून लोक यायचे, व्हाइसरॉयची पत्रं यायची, सोमवारी हा माणूस चिठ्ठीवर लिहून उत्तर देई. त्या मौनात काम चालू असे, फक्त प्रत्येकाला लगेच उत्तर देण्याचं ओझं एक दिवस खाली ठेवलेलं असे. बालाघाट ताई, तुमच्या फोनला असा सोमवार हवा.

आणि डॉ. अभय बंग. गडचिरोलीत बालमृत्यूंवर काम करताना पंचेचाळिशीच्या आसपास हृदयविकाराचा झटका आला. स्वतःच्या शरीराकडे कसं दुर्लक्ष केलं ते त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. काम त्यानंतरही गेली तीस वर्षं चालू आहे.

कातरवेळ

मला एक दुसरीच शंका आहे. सगळं सुट्टी, विमा, बैठक यावर चाललंय. पण बालाघाट ताईंना फोन का येतात? कारण हिशेब मारला गेला तर दाद मागायची जागा फडापासून दोनशे किलोमीटरवर आहे. सरकारी यंत्रणेचं काम एक बाई वरण-भात बाजूला सारून करते आहे. तिला ध्यान करायला सांगायचं आणि कामगार खात्याला काहीच विचारायचं नाही, हे मला पटत नाही. हंगामात प्रत्येक साखर कारखान्यावर चोवीस तास तक्रार घेणारा माणूस बसवा, ही मागणी थकव्यावरचा पहिला उपाय आहे.

रानजाई

कातरवेळ, मागणी शंभर टक्के बरोबर. पण ती पूर्ण होईपर्यंत फोन वाजणार आहे. दोन्ही धरून ठेवावं लागेल.

सप्तर्षी_माळ

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या. समिती १९८९ पासूनची, आमच्यापैकी कित्येकांचा त्यांच्याशी घरच्यासारखा संबंध. त्या दिवशी सगळं थांबेल असं बाहेरच्यांना वाटलं होतं. थांबलं नाही, आणि त्याचं कारण धैर्य जितकं होतं तितकंच साधं संघटनेचं होतं. शाखा होत्या. प्रत्येक शाखेत शिक्षक, कारकून, शेतकरी, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून आठवड्याचे काही तास देणारे. सर्पावरचं व्याख्यान एकाला यायचं, चमत्कारांचं सादरीकरण दुसऱ्याला, मासिकाचं तिसऱ्याला. डॉक्टर स्वतः कबड्डीचे मोठे खेळाडू, एकट्याच्या चढाईनं सामना जिंकत नाहीत हे त्यांना मैदानातूनच माहीत असणार.

आणि वाहिनीच्या काकांना विचारायचंय, तुमच्या संघटनेत तिशी ओलांडली की बाहेर पडावं लागायचं ना?

जुना_साथी

हो. वयोमर्यादा १४ ते ३०. जयप्रकाशजींचीच अट. मी १९८३ ला बाहेर पडलो, त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. मग शेतीकडे वळलो, दोन वर्षांनी दुसऱ्या कामात आलो.

सप्तर्षी_माळ

म्हणजे तुम्हाला रजा मिळाली होती काका. संघटनेनंच दिली होती.

तुळशीवृंदावन

!!!

बालाघाट

तेवीस दिवसांनी येते आहे. सगळं दोनदा वाचलं, एकदा आमच्या गटात मोठ्यानं वाचून दाखवलं. मनवा ताई, तपासणी केली. हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं, गोळ्या चालू आहेत. एका डॉक्टरांशी मनाबद्दलही बोलणं सुरू केलंय.

कोप जळालेल्या त्या बाईला फोन लावला. माझ्या पोटात गोळा होता. सांगितलं, "त्या रात्री मी फोन बघितला होता गं. उचलला नाही." ती जरा वेळ काही बोलली नाही. मागं कोयत्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "म्या ह्यांना म्हणलं, ताईचं काई बरंवाईट झालं का काय. ताई फोन उचलीत नाही असं कवा झालं न्हाई." नंतर तिनं मलाच विचारलं, जेवलात का. मी फोन ठेवला आणि रडले. आवाज करून रडले. आई बाहेरून धावत आली.

आता फोनचं. नवा नंबर घेतला, तो गटाचा. आमच्या हंगामी वसतिगृहात शिकलेली एक मुलगी आहे, २० वर्षांची, आई-वडील अजून कोयत्यावर. रात्री नऊ ते सकाळी सात एक आठवडा फोन तिच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. मला वाटलं होतं तिला जमणार नाही. पहिल्याच आठवड्यात एक टोळी अडकली. तिनं कामगार अधिकाऱ्याऐवजी भलत्याच कार्यालयात फोन लावला, तास गेला. मी शेजारच्या खोलीत हात चोळत बसले होते. मग तिनं काय केलं, तर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर आवाजी निरोप टाकला. तिचा मामा त्यात आहे. वीस मिनिटांत दोन ट्रॅक्टर त्या फडावर जाऊन उभे राहिले, मागून पोलीस पाटील. मला ११ वर्षांत तो गट आहे हेच ठाऊक नव्हतं.

तिचं मानधन कुठून द्यायचं ते बघते आहे. हिशेबनीस, ३०० रुपयांची यादी सुरू केलीय, आजवर नऊ नावं. गुरुवारच्या बैठका दोन झाल्या. पहिलीत रानजाई म्हणाल्या तसंच, सगळे गप्प. कातरवेळ, तुमच्या मागणीचं निवेदन तयार केलंय, जिल्हाधिकारी कार्यालयाची पोच मिळाली की इथं मसुदा टाकते.

या आठवड्यात पाळी तिची आहे. रात्री अजून दोनदा उठून फोन चाचपते. तो उशाशी नसतो.

रानजाई

होईल. मला चार महिने लागले होते.

चकुली

दहावं नाव माझं लिहा.

जुना_साथी

अकरावं माझं, आणि बारावं पत्नीचं, ती स्वतःच्या पेन्शनमधून वेगळे देणार म्हणते. तिला हा धागा वाचून दाखवला. शिवाय नव्या नंबरचा रिचार्ज वर्षभर माझ्याकडे. नंबर निरोपातून कळवा, रात्री नऊनंतर नको.